द्राक्षवेल आणि पाण्याचा ताण

फाल्गुन जवळ आला की सुरतेच्या रस्त्यांवर हिरव्या द्राक्षांच्या लाऱ्या दिसू लागतात. उधना असो, लिंबायत असो की पांडेसरा, संध्याकाळी कामावरून परतणारा मनुष्य लारीपाशी थांबतो आणि मुलांसाठी अर्धा किलो द्राक्षे बांधून घेतो. हा माल बहुतांशी नाशिक जिल्ह्यातून येतो. दिंडोरी, वणी मागे टाकून मालाच्या गाड्या सापुताऱ्याचा घाट उतरतात आणि रातोरात सुरतेच्या बाजारात दाखल होतात.

पिकलेल्या द्राक्षाच्या वजनात सुमारे चार-पंचमांश पाणी असते. परंतु हे पाणी ज्या मुलखातून आपल्याकडे येते, त्यातील कित्येक गावे चैत्र-वैशाखात स्वतः पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट पाहत बसलेली असतात. चांदवड, येवला, सांगलीकडील जत, कवठे महांकाळ, सोलापूरचा कोरडा पट्टा, ही सारी द्राक्षांची गावे आहेत आणि दुष्काळाचीही आहेत. कोरड्या जमिनीतील ही वेल पाण्याने भरलेले फळ कसे देते, आणि विहीर आटली म्हणजे ती काय करते, हा या लेखाचा विषय आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांत आज शेती कसणारे थोडे आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि आपल्यापैकी पुष्कळांचे भाऊबंद नाशिक-खानदेशाकडे शेतीवर आहेत. दुष्काळाच्या वर्षी गावाकडून फोन येतो, "बाग वाळते आहे, टँकरला पैसे पाठव." पैसे पाठवावेत की नाही हा प्रश्न आपण मनाला विचारून सोडवतो. ते कोणत्या महिन्यात आणि कशासाठी पाठवावेत, हा प्रश्न मात्र वेलीला विचारून सोडवावा लागतो. त्यासाठी वेलीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

१. वेलीचा मूळ स्वभाव

द्राक्षवेलीचे माहेर पश्चिम आशियात, कॉकेशसच्या आसपासच्या प्रदेशात आहे. तेथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतात आणि उन्हाळा कोरडा जातो. हिवाळ्यात वेल पाने टाकून झोपते, वसंतात जागी होते आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर कोरड्या उन्हाळ्यात फळ पिकवते. म्हणून कोरडी हवा तिला मानवते. पानांवर सतत ओल राहिली तर तिच्यावर केवडा रोग पडतो. सुरतेकडे भरपूर पाऊस आणि दमट हवा असूनही द्राक्षांच्या बागा नाहीत, आणि घाटापलीकडे कमी पावसाच्या मुलखात त्या आहेत, याचे एक मोठे कारण हेच होय.

दख्खनमध्ये आल्यावर या वेलीची झोप मोडली. येथे बर्फ नाही, कडक थंडी नाही. त्यामुळे तिला वर्षभर जाग असते. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादेस द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद करून ठेवली आहे. आजचे आपले बागाईतदारही वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यावर फळ धरावयाचे नसते, केवळ नव्या काड्या तयार करावयाच्या असतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी होते आणि तिच्यावर घड येतात. बागलाणात लवकर माल यावा म्हणून फळ छाटणी पावसाळ्यातच उरकतात, परंतु क्रम तोच.

यातील अडचण वाचकांच्या ध्यानात आली असेल. खरड छाटणीनंतरची कोवळी फूट वाढते ती एप्रिल, मे आणि जूनच्या आरंभी, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असतात नेमक्या त्याच वेळी. माहेरी उन्हाळ्यापूर्वी वेलीला मुरलेली ओल मिळत असे. सासरी मात्र तिला कडक उन्हात, कोरड्या जमिनीत नवा संसार मांडावा लागतो.

२. पाण्याचा जमाखर्च

वेल मुळांनी जेवढे पाणी घेते त्याचा अगदी थोडा अंश तिच्या अंगात राहतो. उरलेले सारे पानांवाटे वाफ होऊन जाते. हा खर्च वाया जातो असे मात्र समजू नये. पानाच्या खालच्या बाजूस डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात, त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. हवेतील कर्बवायू त्यांच्यातूनच आत येतो आणि त्याची साखर होते. दार उघडले तर वायू आत येतो, पण वाफ बाहेर जाते. दार लावले तर पाणी वाचते, पण अन्न बनणे थांबते. दुष्काळातील वेलीची सारी ओढाताण या एका दारापाशी आहे.

वाफ बाहेर गेली की तिच्यामागे खोडातील पाण्याची धार वर ओढली जाते. विहिरीतून दोराने घागर ओढावी, तसे पानांतील सुकेपण मुळांपासून पाणी ओढीत असते. द्राक्षाची वेल मुळात चढणारी वेल असल्याने तिचे खोड बारीक आणि पानांचा पसारा मोठा. एवढ्या पसाऱ्यास पाणी पुरवावे म्हणून तिच्या जलवाहिन्या इतर पुष्कळ झाडांच्या मानाने रुंद आणि लांब असतात. पाणी भरपूर असताना ही सोय होय. पाणी तुटले की हीच सोय जिवावर बेतू शकते, ते पुढे पाहू.

३. वेल काय सोडते आणि काय राखते

जमिनीतील ओल घटू लागली की वेल एकदम वाळत नाही. ती एकेक खर्च कमी करते, आणि त्याला ठराविक क्रम असतो. बारकाईने पाहणाऱ्यास तो बागेत उभ्याने दिसतो.

सर्वांत आधी वाढ मंदावते. शेंड्याची पाने लहान राहतात, काडीवरील दोन पेऱ्यांतील अंतर कमी होते आणि ताणे मलूल होऊन गळतात. या वेळी जुनी पाने हिरवीगार असतात, म्हणून नवख्या माणसास काही बिघडले आहे असे वाटत नाही. अनुभवी बागाईतदार मात्र शेंडा आणि ताणा पाहूनच ओल ओळखतो.

त्यानंतर पर्णरंध्रे मिटू लागतात. सकाळी ती उघडी असतात, ऊन चढले की बंद होतात. दुपारी पाने खाली झुकतात, त्यामुळे त्यांच्यावर ऊन तिरपे पडते आणि ती थोडी कमी तापतात. पेशींमध्ये साखर, पोटॅश आणि प्रोलीन नावाचे द्रव्य साठू लागते. त्यांच्या योगाने पेशी आपले पाणी धरून ठेवते.

ताण अधिक वाढला की काडीच्या बुडाकडील जुनी पाने पिवळी पडून गळतात, आणि वरच्या पानांच्या कडा करपतात. सर्वांत शेवटी काड्या शेंड्याकडून वाळत येतात. खोड आणि जाड मुळे यांना वेल अखेरपर्यंत जपते, कारण तेथे तिचे पिठूळ अन्न साठलेले असते आणि पुन्हा फुटावयाचे झाले तर तेच तिचे भांडवल असते.

संसारात अडचण आली म्हणजे शहाणे कुटुंब प्रथम नवी खरेदी थांबवते, मग रोजच्या खर्चाला हात लावते आणि घर-जमीन विकण्याचा विचार शेवटी करते. वेलीचा क्रम याहून निराळा नाही.

४. मुळांचा निरोप

पाने सुकण्यापूर्वीच त्यांना ताणाची वर्दी कशी मिळते, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पुष्कळ दिवस होता. १९६० च्या दशकात अ‍ॅबसिसिक आम्ल नावाच्या द्रव्याचा शोध लागला. कोरडी पडणारी मुळे, आणि सुकू लागलेली पानेही, हे द्रव्य तयार करतात. ते पर्णरंध्रांशी पोचले की ती मिटतात. एका परीने हा निरोपच होय.

१९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथील संशोधकांनी या निरोपाचा मोठा चतुर उपयोग केला. त्यांनी वेलीच्या मुळांच्या एका बाजूस पाणी दिले आणि दुसरी बाजू कोरडी ठेवली. काही दिवसांनी बाजू बदलली. कोरड्या मुळांनी निरोप पाठवला, त्यामुळे पर्णरंध्रे अर्धवट मिटली आणि खर्च कमी झाला. ओल्या मुळांनी पाणी पुरवले, त्यामुळे वेल तहानली मात्र नाही. पाण्यात बरीच बचत होऊनही फळ फारसे घटले नाही. वेलीला पाणी किती मिळते याबरोबरच ते कोठे आणि केव्हा मिळते यालाही महत्त्व आहे, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

सर्व जाती या निरोपाला सारखाच मान देत नाहीत. दक्षिण फ्रान्समध्ये ग्रेनाश आणि सिरा या दोन जाती शेजारी शेजारी लावतात. ग्रेनाश दारे लवकर मिटते. सिरा उशिरापर्यंत उघडी ठेवते आणि पाणी आहे तोवर अन्न बनवीत राहते. थोडक्या ताणात सढळ स्वभावाचा लाभ होतो, तर दीर्घ ताणात कंजूस स्वभाव उपयोगी पडतो. मात्र जमीन व हवा बदलली की एकाच जातीचे वागणेही बदलते, म्हणून कोणत्याही जातीवर कायमचा शिक्का मारू नये.

५. हवेचा बुडबुडा

आता रुंद जलवाहिन्यांच्या धोक्याकडे वळू. जमीन फारच कोरडी झाली आणि वरून ओढ चालूच राहिली, तर वाहिनीतील पाण्याची धार तुटते आणि तिच्यात हवेचा बुडबुडा शिरतो. ती वाहिनी मग निकामी होते. अशा पुष्कळ वाहिन्या बंद पडल्या की वरचा भाग वाळतो.

येथेही वेलीने एक तजवीज केलेली आहे. बुडबुडा आधी पानांत आणि पानांच्या देठांत शिरतो, खोडात फार उशिरा. देठ बंद पडला की पान गळते आणि पाण्याची ओढ तेथेच थांबते. आपल्या यंत्रमागाच्या कारखान्यांत विजेचा दाब चढला की फ्यूज जळतो आणि मोटार वाचते, तसाच हा प्रकार आहे. दुष्काळात पाने गळू लागली की बागाईतदाराचे काळीज हलते, परंतु त्या गळण्यामुळेच पुष्कळदा खोड वाचलेले असते.

शिवाय ओल परत आल्यावर मुळे पाणी वर ढकलतात. छाटणीनंतर काडीच्या टोकातून पाणी ठिबकते, ते पुष्कळांनी पाहिले असेल. इंग्लंडात टेडिंग्टन येथे राहणाऱ्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने कापलेल्या वेलीवर काचेची नळी बांधून हा जोर मोजला. रस वीस फुटांहून अधिक वर चढला. त्याचा हा ग्रंथ १७२७ साली प्रसिद्ध झाला. या जोराने काही बंद वाहिन्या पुन्हा भरतात. तथापि या उपायालाही मर्यादा आहे, कारण ओल नसेल तर मुळांत जोर कोठून यावा?

६. मणी : आधी घेणारा, कधी देणारा

फळाच्या बाबतीत दोन काळ वेगळे ओळखले पाहिजेत. बागाईतदारांच्या भाषेत 'मण्यात पाणी उतरणे' म्हणून एक अवस्था आहे. मणी तोवर कठीण, आंबट आणि अपारदर्शक असतो. पाणी उतरले की तो मऊ पडतो आणि गोडी भरू लागते.

पाणी उतरण्यापूर्वी मण्याला जलवाहिनीतून थेट पाणी मिळते, आणि तो मार्ग दोन्ही बाजूंनी चालतो. भर दुपारी पाने तहानली की ती मण्यातून पाणी ओढून घेतात, त्यामुळे मणी दिवसा किंचित आकसतो आणि रात्री पुन्हा फुगतो. या काळात ताण लांबला तर मणी लहान राहतो, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती उणीव पुरती भरून येत नाही.

पाणी उतरल्यानंतर मण्याला मुख्यत्वे अन्नवाहिन्यांतून, साखरेबरोबरच, पाणी मिळते. त्यामुळे तो तहानेला पूर्वीइतका बळी पडत नाही. या वेळी सौम्य ताण चालतो. तीव्र ताण मात्र नको, कारण पानेच गळाली तर साखर बनवणार कोण? आणि कोरड्या बागेला या वेळी एकदम भरपूर पाणी मिळाले, किंवा अवकाळी पाऊस झाला, तर मण्याची साल ताणून मणी तडकतात.

७. डोळ्यात दडलेले पुढचे वर्ष

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगावयाची आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड दिसतो, तो त्या वेळी तयार झालेला नसतो. खरड छाटणीनंतर साधारणपणे चाळीस ते साठ दिवसांच्या सुमारास, म्हणजे मे-जूनमध्ये, नव्या काडीवरील डोळ्यांत सूक्ष्म घडाची घडण होते. तो घड आत निजून राहतो आणि पुढील छाटणीनंतर बाहेर पडतो.

त्या दिवसांत काडीला पुरेसे ऊन आणि अन्न मिळाले, व पाण्याचा थोडा ताण बसला, तर डोळ्यात घड धरतो. म्हणून जाणते बागाईतदार त्या वेळी मुद्दाम पाणी कमी करतात. वेल मग वाढीचा हव्यास सोडते आणि फळाकडे वळते. परंतु हाच ताण अति झाला, कोवळी पाने करपली आणि काडीत अन्न साठले नाही, तर डोळ्यात घडाऐवजी ताणाच तयार होतो. घड आणि ताणा ही एकाच मुळारंभाची दोन रूपे आहेत. बाग त्या वेळी जगलेली दिसते, पावसाळ्यात हिरवीही होते. ऑक्टोबरात छाटल्यावर मात्र वांझ काड्या फुटतात किंवा घड जिरून जातात. मे महिन्यातील दुष्काळाची पावती अशी सहा महिन्यांनी हाती पडते.

८. मुळे आणि खुंट

वेलीचे खरे बळ जमिनीखाली असते. जमीन खोल व मोकळी असेल तर तिची काही मुळे कित्येक मीटर खाली जातात. तथापि ज्या बागेस रोज थोडे थोडे पाणी एकाच जागी मिळते, तेथे बहुतेक बारीक मुळे त्या ओल्या जागीच गोळा होतात. पाणी बंद पडले की अशी बाग लवकर कोलमडते. भारी काळी जमीन सुकताना भेगाळते आणि बारीक मुळे तोडते, ही आणखी एक अडचण.

पूर्वी आपल्याकडे थॉमसन सीडलेस, किंवा तिच्यातूनच तासगाव भागात निवडलेली तास-ए-गणेश, या जातींच्या काड्या लावून बागा उभ्या करीत. विहिरी खोल गेल्या, बोअरचे पाणी क्षारयुक्त लागू लागले, दुष्काळ वरचेवर पडू लागले. तेव्हा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत बागाईतदार डॉगरिज या खुंटाकडे वळले. अमेरिकेतील टेक्सासच्या रानवेलींच्या कुळातला हा खुंट आहे. आधी खुंट लावावयाचा, तो रुजला की पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्यावर हव्या त्या जातीचे पाचर कलम करावयाचे, अशी रीत पडली. युरोपात एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा नावाच्या किडीने बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तेथील लोकांनी अमेरिकन खुंट घेतले. आपल्याकडे ते मुख्यतः क्षार आणि कोरडेपणा यांच्या धाकाने आले. डॉगरिजची मुळे जोमदार आणि कणखर असतात. त्याचा दोष असा की पाणी भरपूर मिळाले तर वेल पाल्यातच माजते व घड कमी धरतो. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. खुंट आणि पाणी यांवरील अभ्यास तेथे चालतो.

माणसानेही वेलीला आपल्या परीने साहाय्य केले आहे. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर पाऊस थोडा आणि वारा सोसाट्याचा. तेथील शेतकरी वेल जमिनीलगत टोपलीसारखी गोल वळवतात आणि घड त्या टोपलीच्या आत पिकतात. स्पेनच्या लांझारोटे बेटावर ज्वालामुखीच्या काळ्या राखेत खड्डे करून एकेका खड्ड्यात वेल लावतात; वरचा राखेचा थर खालची ओल उडू देत नाही. आपल्याकडे वेलीच्या बुडाशी उसाचे पाचट किंवा चिपाड पसरतात. साहित्य निराळे असले तरी युक्ती एकच आहे.

९. दोन भावांच्या बागा

आता घरचा एक अनुभव सांगतो. आमच्या आत्याचे घर चांदवड तालुक्यात आहे. तिचे दोन मुलगे, थोरले आप्पा आणि धाकटे नाना, यांच्या बागा बांधाला बांध लागून आहेत. २०१५ साली पाऊस ओढला. दोघांनीही ऑक्टोबरात छाटणी केली. डिसेंबरात आप्पांनी विहिरीत दोर सोडून पाणी मोजले आणि घरी येऊन सांगितले, "एवढ्या पाण्यात एवढे घड पोसायचे नाहीत." दुसऱ्या दिवशी त्यांनी जवळजवळ निम्मे घड काढून टाकले. हिरव्या घडांचा ढीग बांधावर पाहून आत्या रडली. नाना म्हणाले, "आप्पा, पोटचं पोर टाकावं तसं केलं तुम्ही." आप्पांनी एवढेच उत्तर दिले, "वेल ऱ्हायली तर पुढल्या साली देईल."

नानांनी सारे घड राखले. जानेवारीत त्यांचा सुरतेस फोन आला आणि आम्ही जवळ होते ते सर्व पैसे टँकरसाठी पाठवून दिले. त्या पैशांत दोन महिने पाणी आले. घड पुष्कळ होते, पण मणी बारीक राहिले आणि भाव बेताचाच मिळाला. आप्पांचे वजन कमी भरले, तथापि मणी मोठा असल्याने त्यांचे फारसे नुकसान झाले नाही.

खरी परीक्षा पुढे होती. एप्रिल २०१६ मध्ये दोघांनी खरड छाटणी केली. लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, तोच हा उन्हाळा. आप्पांनी टँकरचे पैसे या दोन महिन्यांसाठी राखून ठेवले होते. बुडाशी पाचट पसरले होते. रात्री ठिबकने थोडे पाणी देऊन त्यांनी काड्या जगवल्या. नानांजवळ काही उरले नव्हते. मेमध्ये त्यांचा पुन्हा फोन आला, तेव्हा आमच्याजवळही नव्हते. त्यांच्या बागेची कोवळी फूट पंधरा दिवसांत करपली. पुढे पाऊस चांगला झाला, दोन्ही बागा सारख्याच हिरव्या दिसू लागल्या. आम्हांस वाटले, निभावले. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आप्पांच्या वेलींवर घड निघाले. नानांच्या बागेत ओळीच्या ओळी वांझ फुटल्या. नानांचा मुलगा त्या दिवाळीनंतर सुरतेस आमच्याकडे राहावयास आला आणि यंत्रमागावर कामास लागला. दोन वर्षांनी बाग सावरली तेव्हा तो परत गेला.

नानांना कोणी आळशी म्हणू शकणार नाही. टँकरमागे रात्र-रात्र धावले ते तेच. आम्हीही पैसे देताना हात आखडला नव्हता. परंतु ते पैसे जानेवारीत गेले आणि वेलीला ते मे महिन्यात हवे होते, ही रुखरुख आम्हांस आजही आहे.

१०. ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

गावाकडे बाग असलेल्या कुटुंबांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवल्यास उपयोग होईल.

(१) पाण्याचा हिशेब घड लहान असतानाच करावा. एक घड पोसावयास दहा-पंधरा निरोगी पाने लागतात आणि पाने जगवावयास पाणी लागते. पाणी अपुरे असेल तर घड लवकर कमी करावेत. उशिरा काढलेल्या घडाने पाणी आधीच खाल्लेले असते.

(२) फळधारणेपासून मण्यात पाणी उतरेपर्यंत ताण पडू देऊ नये. त्यानंतर पाणी हळूहळू कमी करता येते.

(३) खरड छाटणीनंतर फूट निघून पाने भरेपर्यंत पाणी हवेच. पुढे घडनिर्मितीच्या काळात सौम्य ताण द्यावा. पाने करपतील इतका नव्हे.

(४) या दोन महिन्यांच्या पाण्याची तरतूद, शेततळे असो वा टँकरचे पैसे, फळ विकण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवावी.

(५) बुडाशी आच्छादन करावे. टँकरचे महागडे पाणी पाटाने सोडू नये. ठिबकने, शक्यतो रात्री द्यावे.

(६) तहानलेल्या बागेला एकदम भरपूर पाणी पाजू नये.

(७) पाने गळाली म्हणून बाग मेली असे समजू नये. काडी आणि खोड नखाने किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे असेल तर आशा आहे.

सुरतेत राहणाऱ्या आपणां सर्वांस पाण्याची दुसरी बाजू चांगली परिचित आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी आपल्या घरांत शिरले होते. हीच तापी खानदेशातून वाहत येते, जेथील कित्येक घरांत १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. आपल्यापैकी काहींचे वाडवडील त्याच ओढाताणीत या शहरात आले. तेव्हा गावाकडची तहान ही आपल्याला परकी गोष्ट नाही.

पुढच्या वेळी गावाहून फोन आला, तर मदतीस मागेपुढे पाहू नये. मात्र पैसे पाठवण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा, "छाटणीला किती दिवस झाले?" त्या उत्तरावरून वेलीला आज पाणी हवे की महिन्याने, आणि घड राखावयाचे की वेल, हे पुष्कळसे कळेल. इतके वाचकांच्या ध्यानात राहिले तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.